व्हिडिओतले चौकोन आणि आपली नजर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मराठी माध्यमाच्या मुलांसाठी गणित आणि विज्ञानाचे व्हिडिओ संपादित करणं हे माझं रोजचं काम. शिक्षक, पालक आणि नव्याने संपादन शिकणारी मुलं मला जे प्रश्न पुन्हा पुन्हा पाठवतात, ते इथे एकत्र केले आहेत. एका उत्तराचा दुसऱ्याशी संबंध असेल तिथे त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. कधी चित्रात चौकोन येतात, कधी सगळं धूसर होतं, कधी आकाशात पट्टे दिसतात. हे सगळं एकच आहे का?

मूळ एकच, रूपं वेगवेगळी. व्हिडिओची फाइल लहान करण्यासाठी तो दाबतात, म्हणजे कॉम्प्रेस करतात. त्या दाबण्यातून मूळ दृश्यात नसलेल्या ज्या खुणा तयार होतात, त्यांना आर्टिफॅक्ट म्हणतात. चौकोन दिसले की ब्लॉकिंग. अक्षरांच्या किंवा माणसाच्या कडेभोवती पुसट वलयं आली की रिंगिंग. ती वलयं फ्रेमगणिक वळवळू लागली की मॉस्किटो नॉईज, कारण कडेभोवती डास घोंगावल्यासारखं दिसतं. संध्याकाळचं आकाश किंवा अंधारी भिंत गुळगुळीत न दिसता पायऱ्यापायऱ्यांची दिसली की बँडिंग. चित्र अडकणं, तुकडे जागचे सरकणं हे बहुतेक वेळा दाबण्यामुळे होत नाही. वाटेत डेटा हरवल्यामुळे होतं. प्रेक्षकाच्या दृष्टीने हा फरक मोठा आहे (प्रश्न ६).

२. मुळात व्हिडिओ दाबायचाच कशाला? आहे तसा का पाठवत नाहीत?

हिशोब करून बघा. फुल एचडी चित्रात १९२० गुणिले १०८०, म्हणजे २०,७३,६०० ठिपके असतात. प्रत्येक ठिपक्याला २४ बिट (बिट म्हणजे शून्य किंवा एक, माहितीचा सर्वांत लहान कण) आणि सेकंदाला २५ चित्रं धरली, तर एका सेकंदाला सुमारे १२४ कोटी बिट होतात. आपल्या फोनवर तेच दृश्य सेकंदाला ५० लाख बिटांत येऊ शकतं. अडीचशे भागांतला एकच भाग आपल्यापर्यंत पोहोचतो, तरीही चेहरा ओळखू येतो, हसू कळतं. मला याचं अजूनही अप्रूप वाटतं.

यामागचं गणित डिस्क्रीट कोसाइन ट्रान्सफॉर्मचं आहे. बेंगळुरूत जन्मलेले नासिर अहमद, त्यांच्यासोबत टी. नटराजन आणि के. आर. राव यांनी १९७४ मध्ये ते प्रसिद्ध केलं. चित्राचे लहान चौकोन पाडायचे, प्रत्येकात हळू बदलणारा भाग किती आणि बारीक नक्षी किती ते मोजायचं, आणि डोळ्याला फारशी न जाणवणारी बारीक नक्षी ढोबळ आकड्यांत बसवायची. हे ढोबळ करणं हाताबाहेर गेलं की शेजारचे दोन चौकोन एकमेकांशी जुळत नाहीत आणि मधली रेघ उघडी पडते. एच.२६४ या २००३ च्या व्हिडिओ दाबण्याच्या पद्धतीत ही रेघ पुसणारी चाळणी मुळातच बसवली गेली. त्यामुळे आज चौकोन पूर्वीपेक्षा कमी दिसतात आणि त्यांच्या जागी मेणचट धूसरपणा जास्त दिसतो.

३. माझे डोळे चांगले आहेत. मग तोच दोष कधी दिसतो, कधी दिसत नाही, असं का?

हात सरळ पुढे करा आणि अंगठ्याच्या नखाकडे बघा. डोळा एका वेळी खरं बारीक बघतो ते साधारण तेवढंच, सुमारे दोन अंशांचं क्षेत्र. बाकी सगळा पडदा आपल्याला स्पष्ट ‘वाटतो’, कारण नजर सेकंदाला तीन-चार उड्या मारते आणि मेंदू ते तुकडे जोडतो. नजर उडी मारत असताना मधलं दृश्य जवळजवळ बंदच असतं.

म्हणजे पडद्याच्या कोपऱ्यातल्या झाडाची पानं मेणासारखी झाली आणि तुमची नजर नायिकेच्या डोळ्यांवर असली, तर ती पानं तुम्ही पाहिलीच नाहीत. तुमचे डोळे बरोबरच आहेत, ते फक्त तिकडे गेले नव्हते.

४. चौकोन आले की प्रेक्षकाची नजर आपोआप तिकडे ओढली जाते, हे खरं का?

बहुतेकांना तसं वाटतं, मलाही वाटायचं. संपादनाच्या खोलीत बसलं की पडद्यावर दोषच दोष दिसतात, आणि प्रेक्षकही असंच बघत असतील असं आपण गृहीत धरतो.

फ्रान्समधले ऑलिव्हिए ल मर, पॅट्रिक ल कॅले आणि सहकाऱ्यांनी नेमका हाच प्रश्न तपासला. आय-ट्रॅकर हे बुबुळांची हालचाल टिपणारं यंत्र लावून त्यांनी लोकांना मूळ आणि दाबलेले व्हिडिओ दाखवले आणि नजरेचे नकाशे ताडून पाहिले. लोक मोकळेपणाने बघत असताना दाबण्यातल्या दोषांमुळे नजरेची वाटणी फारशी बिघडत नाही, असं त्यांना आढळलं. त्यांचा हा निबंध २०१० चा आहे.

विचार केला की हे पटतं. चलचित्रात नजरेला खेचणाऱ्या गोष्टी फार बळकट असतात: चेहरा, हालचाल, बोलणारी व्यक्ती, पडद्यावरची अक्षरं. त्यातच सगळ्यांची नजर पडद्याच्या मध्याकडे झुकलेली असते. दहा माणसं एकच प्रसंग बघत असतील तर बऱ्याचदा दहाही जण एका क्षणी एकाच जागी बघत असतात. एवढ्या ओढीपुढे कोपऱ्यातल्या पुसट चौकोनाचं काही चालत नाही.

हे ‘आपोआप नाही’ असलं तरी ‘कधीच नाही’ असं नव्हे. अपवाद प्रश्न ५ आणि ६ मध्ये.

५. एकदा चौकोन लक्षात आले की नंतर तेच दिसत राहतात. हा मनाचा खेळ आहे का?

हा लक्षाचा गुणधर्म आहे आणि तो मोजलेला आहे. रशियन संशोधक आल्फ्रेड यार्बुस यांनी इल्या रेपिन यांचं एकच चित्र लोकांपुढे ठेवून वेगवेगळे प्रश्न विचारले. घरातली माणसं किती वयाची असतील? घरची परिस्थिती कशी असेल? प्रश्न बदलला की नजरेचा मार्गच बदलायचा. याउलट, लक्ष दुसऱ्या कामात गुंतलं असेल तर समोरचं मोठं काहीही निसटतं. १९९९ मध्ये सायमन्स आणि शाब्री या मानसशास्त्रज्ञांनी लोकांना चेंडूच्या पासेस मोजायला लावल्या. मधून गोरिलाच्या वेषातली व्यक्ती चालत गेली, आणि सुमारे निम्म्या लोकांना ती दिसलीच नाही.

आमच्या घरचीच गोष्ट सांगते. आषाढी वारीचं थेट प्रक्षेपण चालू होतं, गोल रिंगण होतं. अश्व धावत होता, धुरळा उठला होता, आई पदर सावरून हात जोडून बघत होती. धुरळ्याचा भाग पूर्ण फुटला होता, बोटभर रुंदीचे मातकट चौकोन अश्वाच्या मागे ओढले जात होते. आईला त्यातलं काहीच दिसत नव्हतं. मी न राहवून बोट दाखवलं, “ते बघ, धुळीत चौकोन.” दोन मिनिटांनी ती म्हणाली, “आता मला तेच दिसतंय. कशाला सांगितलंस?” तिचं रिंगण मी मोडलं, हे मला अजून टोचतं. तेव्हापासून मी घरात कुणालाही बोट दाखवत नाही.

म्हणूनच, व्हिडिओ तपासायला देताना “दोष शोधा” असं सांगितलं तर तुम्हाला प्रेक्षक मिळत नाही, तपासनीस मिळतो. दोघंही हवेत, पण वेगवेगळे.

६. मग नजर खरोखर खेचतात असे दोष कोणते?

जे अचानक येतात आणि हलतात ते. डोळ्याच्या कडेचा भाग बारकाव्यात कच्चा असला तरी हालचाल आणि लुकलुक पकडण्यात तरबेज असतो. स्थिर धूसरपणा तिथे खपून जातो, लुकलुकणारा ठिपका खपत नाही.

पहिला दोष म्हणजे कीफ्रेमची धडधड. व्हिडिओत ठरावीक अंतराने एक पूर्ण चित्र येतं आणि मधल्या चित्रांत फक्त बदल साठवलेले असतात. बिटरेट, म्हणजे सेकंदाला वापरायला मिळणारे बिट, कमी असेल तर मैदानावरचं गवत पूर्ण चित्राला टवटवीत होतं, हळूहळू विरघळतं, पुन्हा झटक्याने टवटवीत होतं. दर दोन-तीन सेकंदांनी गवत श्वास घेतंय असं वाटतं.

दुसरा, डेटा हरवल्यामुळे आलेला तुकडा: हिरवा किंवा राखाडी पट्टा, चेहऱ्याचा अर्धा भाग मागच्याच दृश्यात अडकलेला. तो क्षणात उगवतो आणि दृश्याशी त्याचं नातं नसतं, म्हणून तो सुटत नाही.

तिसरा दोष नवशिक्यांच्या ध्यानात येत नाही. कॅमेरा फिरतो पण पुसट डाग जागच्या जागी राहतात, जणू मळकी काच समोर धरली आहे. दृश्य हलतंय आणि डाग हलत नाहीत, हा विरोध डोळ्याला लगेच कळतो. बँडिंगचे पट्टे अंधाऱ्या दृश्यात सरकायला लागले की तेही याच जातीचे.

७. चेहरा थोडा बिघडला तरी खटकतो, पण मागची झाडी पार बिघडली तरी चालून जातं. का?

इथे दोन कारणं एकत्र काम करतात. नजर चेहऱ्यावर असते, त्यामुळे तिथला दोष दृष्टिपटलाच्या सर्वांत तल्लख भागावर पडतो. डेटा हरवलेल्या एच.२६४ व्हिडिओंवरच्या प्रयोगांतही, लक्ष जाणाऱ्या भागातला दोष इतर भागातल्या दोषापेक्षा जास्त त्रासदायक ठरलेला आहे. दुसरं कारण झाकणीचं. पानं, गवत, गर्दी, चटईची वीण अशा गजबजलेल्या पोतात दोष मिसळून जातो. गुळगुळीत गाल, कोरी भिंत आणि निरभ्र आकाश त्याला लपायला जागाच देत नाहीत.

म्हणून मुलाखत चित्रित करताना माणसामागे एकसारख्या रंगाची, उतरत्या उजेडाची भिंत घेऊ नका, असं मी सगळ्यांना सांगते. पुस्तकांची मांडणी किंवा खडबडीत दगडी भिंत घ्या.

८. विसर्जन मिरवणुकीचे आणि धबधब्याचे व्हिडिओ सर्वांत वाईट का येतात? कॅमेरा तर तोच असतो.

कारण व्हिडिओ दाबण्याची सगळी मदार अंदाजावर आहे: मागच्या चित्रातला हा तुकडा पुढच्या चित्रात कुठे सरकला असेल? भिंत, गाडी, माणूस यांचा अंदाज लागतो. गुलालाच्या ढगाचा, उडणाऱ्या कागदी कपच्यांचा, कोसळत्या पाण्याचा लागत नाही, कारण प्रत्येक कण स्वतंत्र वाटेने जातो. बिट संपतात आणि सगळ्या चित्राची गुणवत्ता पडते, ढोल वाजवणाऱ्या पोरीच्या चेहऱ्याचीसुद्धा. खटकतो तो चेहराच (प्रश्न ७). गुलाल उधळतानाचं दृश्य लांबून घ्या, चेहरे जवळून पण ढग थोडा बसल्यावर घ्या, आणि मूळ फाइल जपून ठेवा.

९. फळ्यावरची लाल अक्षरं व्हिडिओत पसरतात, पांढरी स्पष्ट राहतात. कॅमेऱ्याचा दोष आहे का?

कॅमेऱ्याचा नाही. डोळा उजेड-अंधाराचे बारकावे रंगाच्या बारकाव्यांपेक्षा कितीतरी चांगले टिपतो, म्हणून नेहमीच्या व्हिडिओत उजेड प्रत्येक ठिपक्याचा साठवतात आणि रंग चार ठिपक्यांत मिळून एकदाच. एरवी हा फरक कळतही नाही. पण हिरवा फळा आणि लाल खडू यांचा उजळपणा जवळपास सारखा असला, तर अक्षराची कड फक्त रंगावर उभी असते, आणि रंगच जाडाभरडा साठवलेला असतो.

अपूर्णांकांच्या एका धड्यात शिक्षिकेने छेद लाल खडूने लिहिले होते, मुलांचं लक्ष तिकडे जावं म्हणून. लक्ष गेलंही. पण तो व्हिडिओ फोनाफोनी पाठवताना दोनदा दाबला गेला, आणि एका मुलीचा प्रश्न आला की छेद १ आहे की ९. मी तिचा फोन मागवून पाहिला: आकड्याच्या पोटातला हिरवा भाग लालसर तपकिरी झाला होता, वरची गाठ खाली ओघळली होती. फळाभर पांढरी अक्षरं शाबूत होती आणि सर्वांत महत्त्वाची खूण तेवढी गेली होती. तेव्हापासून आम्ही महत्त्वाचं पिवळ्या खडूने लिहितो किंवा पांढऱ्याभोवती चौकट काढतो. पिवळा हिरव्यापेक्षा बराच उजळ असल्यामुळे त्याची कड टिकते.

१०. क्रिकेट बघताना चेंडूच हरवतो. तिथे तर सगळ्यांचं लक्ष असतं ना?

हो, आणि म्हणूनच ही अवघड जागा आहे. ताशी १४० किलोमीटरचा चेंडू सेकंदाला सुमारे ३९ मीटर जातो. सेकंदाला २५ चित्रं असली तर दोन चित्रांमध्ये तो दीड मीटरहून जास्त सरकलेला असतो. पडद्यावर तो मोजक्या ठिपक्यांचा असतो, आणि व्हिडिओ दाबण्याचा हिशोब करणाऱ्या एन्कोडर या साधनाला एवढीशी चूक नगण्य वाटते. मग उंच उडालेला झेल प्रेक्षकांच्या गर्दीत विरघळतो.

आणखी एक खुबी आहे. वेगाने हलणारी वस्तू डोळ्याला धूसरच दिसते, असं मानून तिथे बिट वाचवले जातात. पण नजर त्या वस्तूच्या मागे मागे गेली, तर दृष्टिपटलावर वस्तू स्थिर होते आणि धूसरपणा उघडा पडतो. चेंडूमागे नजर जातेच. सेकंदाला ५० चित्रं पाठवली तर इथे फायदा होतो. नुसते ठिपके वाढवून तेवढा होत नाही.

११. मग जिथे नजर जाणार तिथेच जास्त बिट का देत नाहीत?

देतात, पण जपून. लॉरेंट इट्टी, क्रिस्टोफ कॉख आणि अर्न्स्ट नीबुर यांनी १९९८ मध्ये चित्रात कुठे लक्ष जाईल याचं संगणकी प्रारूप मांडलं. पुढे २००४ मध्ये इट्टी यांनी त्याच कल्पनेवर, लक्ष न जाणारे भाग धूसर करून व्हिडिओ दाबून दाखवला. व्हिडिओ कॉलवर चेहऱ्याला झुकतं माप देणं सोपं आहे, कारण नजर कुठे असेल याची शंकाच नसते.

अंदाज चुकला की मात्र किंमत जबर असते. चाळीस जणांच्या कीर्तनात मी बुवांऐवजी मृदंग वाजवणाऱ्या काकांकडे बघत असेन, तर तिथे मला चिखल दिसेल. आणि पार्श्वभूमी इतकी बिघडली की ती लुकलुकायला लागली, तर प्रश्न ६ मध्ये सांगितल्याप्रमाणे तीच नजर खेचते. नजर तिथे जाऊ नये म्हणून वाचवलेले बिटच नजरेला तिथे नेतात. माझ्या मते दोन भागांतला फरक सौम्य ठेवावा.

१२. मी कर्णबधिर मुलांना शिकवते. सांकेतिक भाषेच्या व्हिडिओत हात महत्त्वाचे, मग हातांनाच जास्त बिट द्यावेत ना?

हा प्रश्न मला फार मोलाचा वाटतो, कारण ऐकणाऱ्या माणसाचा अंदाज इथे चुकतो. ब्रिटनमध्ये लॉरा म्युअर आणि इयन रिचर्डसन यांनी कर्णबधिर प्रेक्षकांची नजर मोजली. नजर बहुतांश वेळ खुणा करणाऱ्याच्या चेहऱ्यावर होती. हात ते कडेच्या दृष्टीने वाचतात, चेहऱ्यावरचे बारीक भाव आणि ओठ मात्र थेट बघतात, कारण भुवई उंचावण्यानेही वाक्याचा अर्थ बदलतो. वॉशिंग्टन विद्यापीठाच्या मोबाइलएएसएल (एएसएल म्हणजे अमेरिकन सांकेतिक भाषा) प्रकल्पात साध्या फोनवर, कमी बिटांत सांकेतिक संभाषण नेताना याचाच आधार घेतला गेला.

म्हणून बारकावा चेहऱ्याला द्या आणि हातांना गती द्या. हात थोडे मऊ दिसले तरी चालतील, पण चित्रं गळून हालचाल तुटली तर शब्दच तुटतो. बोटांनी अक्षरं काढताना मात्र हात चेहऱ्याजवळ आणायला सांगा.

१३. फोनवर व्हिडिओ छान दिसतो, टीव्हीवर फुटतो. टीव्ही खराब आहे का?

अंतर मोजा. ७ सेंटिमीटर उंचीचं चित्र ३५ सेंटिमीटरवरून बघितलं तर ते डोळ्यात सुमारे ११ अंश व्यापतं. ४३ इंची टीव्ही अडीच मीटरवरून जेमतेम १२ अंश व्यापतो. म्हणजे दोन्ही जवळजवळ सारखेच. तोच टीव्ही दीड मीटरवरून बघितला की २० अंश होतात आणि प्रत्येक चौकोन तेवढा मोठा होतो. लहान खोलीत मोठा टीव्ही घेतला की जुने व्हिडिओ ‘बिघडतात’ ते यामुळे. मार्च २०२० मध्ये लॉकडाउनच्या सुरुवातीला भारतातल्या प्रमुख सेवांनी मोबाइल नेटवर्कवर व्हिडिओ ४८०पी पर्यंत, म्हणजे ४८० ओळींच्या चित्रापर्यंत, मर्यादित ठेवला होता. फोनच्या अंतरावर ते निभावण्यासारखं होतं, भिंतीवरच्या मोठ्या पडद्यावर नाही.

१४. सॉफ्टवेअर गुणवत्तेचा आकडा चांगला देतं, तरी लोक तक्रार करतात. कुणाचं खरं?

लोकांचं. पीएसएनआर हा जुना आकडा प्रत्येक ठिपक्याची चूक सारखीच धरतो, मग ती गवतातली असो वा बुबुळातली. २००४ चा एसएसआयएम आणि नेटफ्लिक्सने २०१६ मध्ये खुला केलेला व्हीएमएएफ डोळ्याच्या अधिक जवळ जातात, पण नजर कुठे असेल हे त्यांनाही ठाऊक नसतं. माणसांकडून गुण घेण्याची आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाची पाच पायऱ्यांची मोजपट्टी मला यासाठी आवडते: दिसत नाही, दिसतं पण त्रास नाही, किंचित त्रास, त्रास, खूप त्रास. ‘दिसणं’ आणि ‘त्रास होणं’ यांच्यात तिने वेगळी पायरी ठेवली आहे. आईला रिंगणात दोष दिसत नव्हता, नंतर दिसला आणि त्रासही झाला. चित्र मात्र तेच होतं.

१५. असे व्हिडिओ बघून मुलांचे डोळे बिघडतात का?

चौकोनांमुळे नाही. फोन डोळ्याशी धरून तासन्‌तास बघितल्याने डोळे थकतात, मग चित्र कितीही सुंदर असो. अक्षर कळत नाही म्हणून मूल फोन आणखी जवळ घेत असेल, तर ती व्हिडिओ बनवणाऱ्याची चूक आहे (प्रश्न ९).

१६. सोसायटीच्या कॅमेऱ्यात गाडी दिसते पण नंबर चौकोनांत गेलाय. सॉफ्टवेअरने साफ करून घेता येईल का?

चित्र देखणं होईल, नंबर परत येईलच असं नाही. ढोबळ करताना टाकून दिलेली माहिती फाइलमध्ये उरलेली नसते. चित्र धारदार करणारी नवी साधनं तिथे ‘असू शकेल’ असा आकडा रंगवतात, आणि तो इतका स्वच्छ असतो की शंकाच येत नाही. चौकोन निदान इथे काही कळत नाही हे तरी सांगत होते. शिवाय तुम्ही आता शोधायला बसला आहात. शोधणारी नजर डागांतही आकडे बघते, आणि संशयित गाडीचा नंबर आधीच माहीत असेल तर हमखास तोच दिसतो. तीन जणांना वेगवेगळं बसवून, काही न सांगता वाचायला द्या. तिघांचं वाचन जुळलं नाही तर तो नंबर वाचता येत नाही, असंच लिहून द्या.

फुटेज रेकॉर्डरमधून मूळ फाइल म्हणूनच काढून घ्या. पडद्याचं फोनने चित्रीकरण करून गटावर पाठवलं की ते आणखी दोनदा दाबलं जातं. आणि रेकॉर्डर जुन्या फुटेजवर नवं लिहीत असतो, त्यामुळे हे काम त्याच दिवशी करा.